चार पावलं

अल्बननं तबकडी लावली, सुई टेकवली आणि मी लगेच म्हटलं, "ही नव्हे. लाल चकतीची लाव."

"लालच आहे," तो म्हणाला. "वाकून बघ."

मी वाकून पाहिलं. तबकडी आमचीच होती. मधोमध लाल चकती आणि कडेला मी लहानपणी पाडलेला टवका. गाणंही आमचंच होतं, पण त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. चार वर्षांची असल्यापासून मी ज्या गायकाला ऐकत आले, तो विहिरीच्या तळातून बोलावं तसा जड, थकलेला, पिकल्या वयाचा माणूस होता. हा कुणी पंचविशीतला पोरगा होता. सॅक्सोफोन खिदळत होता आणि ड्रम मागं कुत्रं लागल्यासारखा पळत होता.

"तुझं नवीन मशीन बिघडलंय," मी म्हटलं.

"बिघडलेलं आपलं आहे, रेजी. पंधरा वर्षं झाली."

अल्बन माझा थोरला भाऊ. बोटीवर इंजिनरूममध्ये विजेचं काम करायचा. सुट्टीवर येताना सेलवर चालणारा हा छोटा रेकॉर्डप्लेअर त्यानं आणला होता. त्यानं खोलीचं दार लोटून घेतलं, तबकडी उचलून कोपऱ्यातल्या आमच्या जुन्या मोठ्या मशीनवर ठेवली, लाल चकतीवर खडूची रेघ ओढली आणि मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढं धरलं.

"रेघ समोरून गेली की मोज. एक मिनिट."

मी मोजलं. सदतीस झाले आणि अडतिसावा अर्ध्यावर राहिला.

"आता इथं."

सेलच्या मशीनवर पंचेचाळीस भरले.

"चकतीवर काय छापलंय, वाच."

बारीक अक्षरांत पंचेचाळीसच छापलेलं होतं. इतक्या वर्षांत मी ते कधी वाचलं नव्हतं.

"पापांनी हे मशीन अमेरिकन बोटीवरच्या माणसाकडून घेतलं," अल्बन म्हणाला. "तिकडची वीज सेकंदाला साठ झोके घेते, आपली पन्नास. ट्रान्सफॉर्मर लावला की मशीन जळत नाही एवढंच. पण पळतही नाही. लंगडतं. पापा पंधरा वर्षं लंगडं गाणं शिकवतायत."

बाहेर ओट्यावर पापा बुटांना पॉलिश करत होते. ब्रशचा आवाज आत येत होता. सकाळचे आठ वाजले होते. अकराला ट्रक यायचा होता आणि तीनला जुहूच्या एका हॉटेलात पापांच्या बँडची परीक्षा होती. पसंत पडलो तर दर शनिवारी-रविवारी संध्याकाळी तिथं वाजवायचं. तीन गाणी ऐकवायची होती आणि तिसरं, पापांचं हुकमाचं पान, हेच होतं. लाल चकतीचं.

ही गोष्ट १९७३ सालची. वसईच्या समुद्राकडच्या अंगाला आमचं गाव. पापांना सगळे कैतान मास्तर म्हणत. सकाळी केळीची वाडी आणि पानवेल, संध्याकाळी ओट्यावर पोरांची शिकवणी. आजोबा चर्चच्या बँडात मिरवणुकीच्या चाली वाजवायचे. पापांनी त्याच बँडातला सॅक्सोफोन उचलला आणि रिदम अँड ब्लूज नावाच्या, गावात कुणी न ऐकलेल्या संगीताच्या मागं लागले. आमच्या बाजूच्या निम्म्या वाजवणाऱ्यांनी त्यांच्याकडूनच हात बसवून घेतला होता. पण मुंबईच्या दोन हॉटेलांनी त्यांना नको म्हटलं होतं आणि आता ते बावन्न वर्षांचे होते. आठवड्यापूर्वी जेवताना त्यांनी आयला सांगितलं होतं, "मार्था, ही शेवटची खेप. नाही जमलं तर सॅक्सोफोन पेटीत आणि पेटी माळ्यावर. मग मी आणि माझी वाडी."

"शब्द देता?" आयनं विचारलं होतं.

"दिला."

पापा शब्द मोडत नसत.

"तू सांग त्यांना," मी अल्बनला म्हटलं.

"मी? मी बँड सोडून बोटीवर गेलो तेव्हापासून ते माझ्याशी हवापाण्यापलीकडं बोलतात का? मी सांगितलं तर वाटेल, पोरगा बापाची चूक काढायला समुद्र ओलांडून आला."

"मग मी?"

"तू ड्रमवर आहेस. आणि ऐक, हॉटेलवाले काही आपल्या गावचे नाहीत. त्यांनी हे गाणं खरं ऐकलेलं असणार. पापा तिथं असं ओढत-ओढत वाजवतील आणि ते तोंडावर रुमाल धरून हसतील. तुला ते बघायचंय?"

मला ते बघायचं नव्हतं.

*

पापांच्या बँडात चार जण. सॅक्सोफोन आणि गळा पापांचा, गिटार पास्कूकाकांची, बास गिटार गावातल्या शाळेच्या शिपायाची, म्हणजे लुद्रिकची. ड्रम वाजवणारा कुवेतला गेला तेव्हापासून माझा. मुलीनं ड्रम वाजवावा का यावर चर्चच्या आवारात बरंच बोलून झालं होतं. पापा म्हणाले होते, "तिचे पाय जमिनीवर आहेत. बाकीच्यांचे नाहीत."

पाय म्हणायचं कारण होतं. आमच्या बँडात गाणं सुरू करण्याआधी तोंडानं मोजत नसत. पापा स्टेजवर चार पावलं चालायचे. त्यांच्या वाजवायच्या बुटांच्या टाचेला लोखंडी नाल ठोकलेले होते. टाक, टाक, टाक, टाक. ज्या गतीनं पावलं पडली त्या गतीनं चौथ्यानंतर मी काठी मारायची. लाल चकतीच्या गाण्याला ते डोक्यावर केळीचा घड घेतलेल्या माणसासारखे चालायचे; मान स्थिर, गुडघे जरा वाकलेले, घाई नाही. दुसरा एक नियम होता, तोही त्यांचाच. ड्रम निघाला की मागं फिरायचं नाही. बरोबर असो की चूक, सगळ्यांनी त्याच्याबरोबर जायचं. "आपण पडलो तर उठता येतं. गाणं पडलं तर उठत नाही."

आज माझ्याकडं जी मुलं शिकायला येतात त्यांच्यासमोर मी तीनच पावलं चालते. मुलं विचारतात, "टीचर, चौथं कुठाय?" मी म्हणते, थांबा जरा. तसंच इथंही थांबा.

ट्रक केळ्यांचा होता. मागं घडांच्या मधे वाळका पेंढा टाकून आम्ही ड्रम ठेवले आणि त्यांच्याभोवती बसलो. आयनं उकडलेली अंडी बांधून दिली, सगळ्यांच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. पापांच्या कपाळावर काढताना तिचा अंगठा जरा जास्त वेळ टेकला. अल्बन दारातच उभा राहिला. त्यानं माझ्याकडं पाहून भुवया उडवल्या.

पापा इतके आनंदात होते की मी दुसरीकडं पाहू लागले.

"कैतान," पास्कूकाका म्हणाले, "हॉटेलात जेवण देतात का रे वाजवणाऱ्यांना?"

"आधी वाजव. मग जेव."

"नाही, मी आपलं विचारतो. मागच्या हॉटेलात नोकरी नाही दिली ती नाहीच, पाणीसुद्धा नळाचं दिलं."

लुद्रिक हसला. मी हसले नाही. घोडबंदरची खाडी मागं पडली तशी मी हिंमत केली.

"पापा, लाल चकतीचं आज थोडं जलद घेऊ या का?"

"का? कुठं आग लागलीय?"

"रेडिओवर सगळीच गाणी जलद असतात."

"रेडिओवाल्यांना बातम्यांना जागा ठेवायची असते," पापा म्हणाले. हे ते नेहमीच म्हणायचे. "आपल्याला कुठं बातम्या द्यायच्यात?"

"पण मुंबईच्या लोकांना जलद आवडतं—"

"रेजी." त्यांनी अंड्याचं कवच सोलता सोलता माझ्याकडं पाहिलं. "तुला भीती वाटतेय का?"

"नाही."

"मला वाटतेय," ते म्हणाले आणि सोललेलं अंडं मला दिलं.

तेव्हाच सांगायचं होतं. पापा, चकतीवर पंचेचाळीस छापलंय. एवढंच वाक्य. पण ज्याला भीती वाटतेय त्याला, परीक्षेच्या तीन तास आधी, तुमचं पंधरा वर्षांचं गाणं चुकलेलं आहे असं कसं सांगायचं? ते ऐकून त्यांची बोटं पहिल्या दोन गाण्यांतही अडखळली असती. मी अंडं खाल्लं.

*

हॉटेलचा हॉल दुपारी रिकामाच होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. समोर तीनच माणसं. मधे हॉटेलचे मॅनेजर भरुचासाहेब, जाड भिंगांचा चष्मा, पांढरी पँट. स्टेजच्या बाजूला चादरीनं झाकलेलं काहीतरी मोठं उभं होतं. दाराबाहेर दुसरा एक बँड वाट पाहत होता. त्यांचे कोट एकसारखे होते. आमचे नव्हते.

"या मास्टर, या," भरुचासाहेब म्हणाले. त्यांची मराठी मुंबईच्या पारशाची, जरा तिरपी चालणारी. "आणि ड्रमवर मुलगी, ही डिकरी? बेस. तीन गाणी, हां? जास्त नाय. मागे लाइन छे."

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याला पास्कूकाकांची तार उतरली, पण त्यांनी ती वाजवतानाच पिळून वर आणली. भरुचासाहेब मान हलवत होते, पण त्यांची नजर दाराकडं जात होती. उजवीकडचा माणूस नखं पाहत होता. मला वाटलं, आता. आता तिसऱ्याला हे हसणार.

पापांनी कोटाची बटणं लावली. ते स्टेजच्या कडेला गेले आणि वळले.

टाक.

पुसलेल्या फरशीच्या हॉलमध्ये नालांचा आवाज मोठा झाला. भरुचासाहेबांनी मान वर केली.

टाक.

डोक्यावर घड घेतलेला माणूस. माझ्या डोळ्यांसमोर खडूची रेघ फिरत होती. सदतीस. अडतिसावा अर्ध्यावर.

टाक.

भरुचासाहेब दोन्हीकडच्या माणसांच्या कानात काही पुटपुटले. उजवीकडच्यानं नखांवरून नजर काढली आणि तो हसला.

चौथं पाऊल हवेत होतं. मी काठी मारली.

पंचेचाळीसच्या गतीनं निघाले मी. सकाळपासून तीच डोक्यात बसली होती. लुद्रिक दचकला, पण नियम नियम होता. एका फेरीत तो माझ्या मागं आला. पास्कूकाकांनी माझ्याकडं डोळे वटारले आणि गिटार माझ्यामागं ओढत आणली. पापा तसेच उभे होते. त्यांचं चौथं पाऊल केव्हा पडलं ते मला ऐकू आलंच नाही. एक फेरी गेली. त्यांनी वाजवायला सुरुवात करायला हवी होती, केली नाही. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी थांबले असते. राग नव्हता. रस्त्यावर आपला माणूस अचानक अनोळखी वाटावा, तसं ते पाहत होते.

मी मान खाली घातली आणि मारत राहिले. दुसरी फेरी संपत आली. घामानं काठ्या निसटत होत्या. ते आले नाहीत तर? नुसता ड्रम आणि दोन गिटारी, आणि मधे सॅक्सोफोन हातात घेऊन उभा असलेला माझा बाप.

ते आले. बरोबर जागेवर आले. एक सूर चुकला नाही. सकाळी अल्बनच्या मशीनमधून ऐकलं होतं तसंच, तीच धाव, तेच खिदळणं. मी मनात म्हटलं, जमलं, देवा, जमलं. पण गायची वेळ आली तेव्हा त्यांना श्वास पुरेना. शब्दांमधे जिथं ते नेहमी थांबायचे, जिथं आय घरात हातातलं काम थांबवायची, तिथं आता जागाच नव्हती. ते शब्द उचलत आणि टाकत निघाले होते, पावसात सापडलेल्या माणसानं वाळत घातलेले कपडे ओढावेत तसे. गळ्याच्या शिरा फुगल्या. तरी शेवटापर्यंत गेले. गाणं पडलं नाही.

कुणी हसलं नाही.

"एकदम करेक्ट," भरुचासाहेब म्हणाले. "सेम टू सेम रेकॉर्ड."

मी श्वास सोडला.

"पण मास्टर, रेकॉर्ड तर माझ्याकडे छे." ते उठून त्या झाकलेल्या वस्तूपाशी गेले आणि चादर ओढली. आत दोन तबकड्यांचं मोठं मशीन होतं आणि माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. "हे गेल्या महिन्यात आलं. आता सगळीकडे हेच येणार. हे सेम टू सेम वाजवतं, चहा मागत नाय, आजारी पडत नाय. मी तुम्हाला का बोलावलं, ठाऊक?"

पापांनी त्या स्पीकरांकडं पाहिलं.

"बांद्र्याच्या लग्नात मी तुम्हाला ऐकलं. मागच्या वर्षी. हेच गाणं. असं..." त्यांनी हात हवेत हळूहळू खाली आणला, काहीतरी जड पाण्यात सोडावं तसा. "अर्धं लग्न खुर्चीवर बसून राहिलं, अर्धं नाचत होतं. मी माझ्या बायकोला बोललो, असं तर कुठल्या रेकॉर्डवर नाय. आता या दोघांनाही तेच सांगत होतो, तुम्ही चालायला लागला तेव्हा. ऐका म्हटलं, आता येईल. ते कुठे गेलं, मास्टर?"

कानात पुटपुटणं ते होतं. हसणं ते होतं.

"साहेब," मी उठले, "पुन्हा एकदा... ती माझी—"

"आज असंच वाजवायचं ठरवलं होतं, साहेब," पापा म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "आम्हाला वाटलं, इथं असं आवडेल."

"अरेरे," भरुचासाहेब म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. मग दाराकडं पाहिलं. एकसारखे कोट आत येऊ लागले होते.

"रेजी," पापा म्हणाले, "काठ्या बांध."

*

परतीचा ट्रक रिकामा होता, त्यामुळं जास्त आदळत होता. ऊन कलतं होतं. दहिसर आलं. मग पास्कूकाका फुटले.

"पोरी, बैल उधळतो तशी का उधळलीस गं तू? बाप तिथं पाऊल उचलून उभा, आणि तू—"

"पास्कू, राहू दे."

"काय राहू दे? मी विचारणार! कुणाच्या सांगण्यावरून?"

मी सगळं सांगितलं. खडूची रेघ, सदतीस, पंचेचाळीस, साठ झोके आणि पन्नास. सांगताना रडायला येत होतं, पण रडले असते तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं, आणि तेवढा माझा हक्क नव्हता. शेवटी म्हटलं, "मला वाटलं, ते तुम्हाला हसतील. आपण इतकी वर्षं चुकीचं वाजवतोय हे तुम्हाला ठाऊक नाही असं वाटलं."

पापांनी सॅक्सोफोनची पेटी मांडीवर सरळ केली.

"एकसष्ट साल," ते म्हणाले. "तुला आठवत नसेल. मी गोदीवर खलाशांच्या हॉलमध्ये रविवारी वाजवायला जायचो. तिथं एक अमेरिकन बोटीवरचा खानसामा येऊन बसायचा. काळा माणूस, साठीचा असेल. मी हे वाजवलं. वाजवून झाल्यावर तो जवळ आला. म्हणाला, कुठं शिकलास? मी म्हटलं, रेकॉर्डवर. म्हणाला, खोटं बोलू नकोस, रेकॉर्डवर असं नाही. मग त्यालाच सुचलं. मशीन कुठलं विचारलं आणि मला हे साठ-पन्नासचं समजावून सांगितलं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" लुद्रिकनं विचारलं.

"बारा वर्षं."

ट्रक खड्ड्यात गेला. ड्रमची झांज आपोआप वाजली. पापांनी ती हातानं धरून गप्प केली.

"मला लाज वाटली. मी म्हटलं, माफ करा, आता बरोबर शिकतो. तर म्हणाला, बस इथं. माझी आजी लोकांच्या चादरी धुवायची. हे गाणं ती चादर धोपटताना म्हणायची. अस्संच. ओली चादर जड असते, हात याहून जलद चालत नाही. मग बाप शहरात कारखान्यात आला. त्यानं त्याला गिटार लावली, ड्रम लावला, कारण शहरात आवाज फार. मग रेकॉर्डवाले आले, त्यांनी पोरांना नाचायला म्हणून ते पळवलं. आता माझा मुलगा म्हणतो, हे म्हाताऱ्यांचं. तो काही तिसरंच ऐकतो. आणि तू, म्हणाला, तुझ्या लंगड्या मशीननं ते उलटं चालत माझ्या आजीपाशी नेऊन सोडलंस."

"आणि रडला असेल," पास्कूकाका म्हणाले.

"नाही. बोटीवर नेऊन मला दोन अंडी तळून दिली."

कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही.

"मग तुम्ही घरी येऊन काय केलंत?" मी विचारलं.

"मशीन उघडलं. मोटरच्या फिरत्या खिळ्यावर चिकटपट्टीचे वेढे दिले, खिळा जाड झाला की तबकडी जलद फिरते. चार वेढ्यांत बरोबर गती आली. ऐकलं. चांगलं होतं. तर तुझी आय आतून ओरडली, कुणाचं गाणं लावलंय? आपलं लावा." त्यांनी पेटीवरून हात फिरवला. "मी पट्टी काढून टाकली."

"मग तिथं हॉलमध्ये मला थांबवलं का नाहीत? नुसता हात वर केला असता तरी..."

"ड्रम निघाला होता," पापा म्हणाले.

घरी आल्यावर आयनं आमची तोंडं पाहिली आणि ती पाणी आणायला आत गेली. पापांनी शिडी लावली, पेटी माळ्यावर ठेवली, शिडी काढली. मी आतल्या खोलीत जाऊन जुन्या मशीनचा तळ उघडला. एका कोपऱ्यात वाळून कडक झालेल्या चिकटपट्टीचं वेटोळं पडलं होतं. टाकून द्यावं असं त्यांना बारा वर्षांत वाटलं नव्हतं. अल्बन दारात उभा होता. मी ते त्याच्या तळहातावर ठेवलं. तो इंजिनरूममधला माणूस. त्याला सांगावं लागलं नाही. त्या रात्री तो पापांशेजारी ओट्यावर जाऊन बसला. काय बोलले ते मला ठाऊक नाही.

*

पापांनी शिकवणी बंद केली नाही. पोरं यायची, पापा तोंडानं सूर म्हणून दाखवायचे, बोटं धरून बसवायचे. सॅक्सोफोनला मात्र त्यांनी हात लावला नाही. बँड आम्ही तिघांनी कसाबसा चालवला. बारशी, साखरपुडे. लाल चकतीचं गाणं कुणी मागितलं तर मी म्हणायची, येत नाही.

अकरा महिन्यांनी गावच्या सणाला चर्चच्या पटांगणात स्टेज घातलं होतं. दुपारची जेवणं उरकून सगळं गाव मांडवात बसलेलं. चार-पाच गाणी झाली आणि पास्कूकाकांनी माइक हातात घेऊन मला न विचारता जाहीर केलं, "आता आमच्या कैतान मास्तरांचं, लाल चकतीचं."

"काका, नाही," मी हळूच म्हटलं.

"वर्षभर गप्प बसलो पोरी. आता वाजव."

मी काठ्या उचलल्या. हात वर गेला आणि तिथंच राहिला. कुठली गती? सदतीस माझ्या कानात होते, पंचेचाळीसही होते, आणि यातलं एकही माझ्या हातात येईना. मी मांडवात पापांना शोधलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. आयचीही.

मग मागून, लाकडी पायऱ्यांवरून, नालांचा आवाज आला.

आय स्टेजखाली उभी होती, लुगड्याला माळ्यावरची जळमटं लागलेली. "शब्द मला दिला होता ना?" ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "मी सोडला. वाजवा आता."

पापांनी पट्टा गळ्यात अडकवला. ते कडेला गेले आणि वळले. डोक्यावर केळीचा घड.

टाक.

टाक.

टाक.

आणि ते थांबले. पाय जुळवून, सरळ उभे राहिले. चौथं पाऊल त्यांनी टाकलंच नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि वाट पाहू लागले.

तीन पावलांमधलं अंतर मी ऐकलं होतं. ते मला पाठ होतं. मी काठी खाली आणली. त्यांच्या अंतरावर नाही, चकतीवर छापलेल्या अंतरावरही नाही. त्यांच्याहून केसभर आधी, माझ्या अंतरावर.

पास्कूकाकांच्या लक्षात आलं नाही. पापांच्या आलं. त्यांनी डोळे मिटले, गुडघे जरा वाकवले आणि सॅक्सोफोन ओठांना लावला.